बघायचं गवत

सोसायटीच्या सभेत एकदा म्हणून बघा, ‘लॉन काढू या आणि तिथे जमिनीलगत पसरणारी झाडं लावू या.’ पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘मग मुलांनी खेळायचं कुठे?’ असं विचारणाऱ्यांनी त्याच लॉनच्या कडेची पाटी वाचावी: ‘हिरवळीवर चालू नये.’ तुडवलं तरी पुन्हा उठतं, हा गवताचा मोठा गुण; नेमका तोच वापरायला आपण बंदी घातली आहे! मुलं खरोखर खेळतात तेवढ्या तुकड्यात हरळी खुशाल ठेवा. माझं भांडण उरलेल्या, निव्वळ बघायच्या गवताशी आहे.

‘पाणी एसटीपीचं आहे, फुकटचं.’ फुकटचं कसं? सांडपाणी शुद्ध करणाऱ्या त्या यंत्रणेचे ब्लोअर आणि पंप विजेवर चालतात, आणि तेच पाणी फ्लशला वळवलं तर तेवढा टँकर वाचतो. पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हात लॉन टवटवीत ठेवायला चौरस मीटरमागे दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागतं. दोनशे चौरस मीटरला रोजचे हजार लिटर. ही हौस वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या इंग्लंडला शोभते. गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंटही १८३० साली तिथलंच. आपला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो.

सापांची भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगेन, की साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. आधी कचऱ्याचे डबे झाका.

मग लावायचं काय? भर उन्हात जलपिंपळी. बोटभर उंचीची, पेरापेराला मुळं धरत सरकणारी, नखाएवढ्या पांढुरक्या-जांभळट फुलांची. एकदा रुजली की पाण्याची फार मिजास करत नाही आणि मशिनही मागत नाही. मधमाश्या मात्र येतात, म्हणून अनवाणी वावराच्या जागी नको. मोठ्या झाडाखाली, जिथे दरवर्षी लॉनचे नवे रोल अंथरले जातात आणि दरवर्षी मरतात, तिथे मंकी ग्रास लावावं. एसीचं पाणी ठिबकतं तिथे मंडूकपर्णी, आणि उतारावर पिवळ्या फुलांची अरॅचिस. ती शेंगवर्गातली, त्यामुळे हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधते.

‘पसरणारं झाड आवरत नाही’ हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. नर्सरीवाले हौसेने गळ्यात मारतात ती वेडेलिया उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. जलपिंपळीच्या एका जवळच्या नातलगानेही ऑस्ट्रेलियात नदीकाठची कुरणं गिळली आहेत. जलपिंपळी इथली मूळचीच, तरी वाफ्याला कडेने विटा हव्यातच.

जून लागताच माळ्याला फूट-फूट अंतरावर काड्या टोचायला सांगा. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या हातातलं खुरपं सुटणार नाही, तेव्हा ‘लॉन गेलं, आता काम कमी’ म्हणून त्याचा पगार कापायला निघू नका.