टीबी बरा करणारी लस आली का?

टीबी बरा करणारी लस सापडल्याची बातमी दर काही वर्षांनी मोबाईलवर फिरते. मग औषध चालू असलेले रुग्ण विचारतात, "डॉक्टर, लस येणारच आहे तर सहा महिने गोळ्या कशाला?" प्रश्न स्वाभाविक आहे. गोळ्यांनी मळमळतं, लघवी नारिंगी होते, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला की आपण बरे झालो असंच वाटतं.

बातमी बहुधा खोटी नसते. ती उंदरांची असते, एवढंच.

बाळाला टोचतात ती बीसीजी रोग होण्याआधी द्यायची लस. उपचाराची लस जंतू शरीरात शिरल्यानंतर द्यायची असते. डीएनए लशीत जंतू नसतोच. त्याच्या एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा तुकडा टोचतात, आपल्याच पेशी ते प्रथिन बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. २०२१ मध्ये भारतात मंजूर झालेली करोनाची झायकोव्ह-डी याच जातीची.

१९९९ मध्ये लंडनचे डग्लस लॉरी, ब्राझीलचे सेलिओ सिल्व्हा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. टीबी झालेल्या उंदरांना अशी लस दिल्यावर त्यांच्या शरीरातले जंतू खूप कमी झाले. गंमत म्हणजे लशीतलं प्रथिन कुष्ठरोगाच्या जंतूचं होतं! दोन्ही जंतू भाऊबंदच.

पण तुम्हाआम्हाला टीबी होतो तो श्वासातून. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या संशोधकांनी उंदरांना तसाच, हवेतून संसर्ग केला आणि नंतर लस दिली, तेव्हा फायदा दिसला नाही. पुढच्या एका प्रयोगात तर काही उंदरांच्या फुफ्फुसातला भाग जागोजागी मरून गेला. चेतवलेली प्रतिकारशक्ती जंतूंबरोबर आपलंच घर जाळू शकते ती अशी.

हे नवीन नाही. १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीवर इलाज सापडल्याचं बर्लिनमध्ये सांगितलं, तेही गिनीपिगवरच्या प्रयोगांवरून. रुग्णांची रीघ लागली. इंजेक्शननंतर अनेकांचा आजार बळावला, काही दगावले. तो पदार्थ ट्युबरक्युलिन. शुद्ध करून तो आज हातावरच्या मँटू चाचणीत वापरतात, उपचारात नाही.

म्हणून उंदरांवरचे प्रयोग निरुपयोगी, असं मात्र मी म्हणणार नाही. फुफ्फुसाचा धोका उंदरातच कळला, माणसात कळण्याआधी. फक्त नेहमीच्या प्रयोगातल्या उंदराच्या फुफ्फुसात माणसासारखी पोकळी पडत नाही, आणि आपल्याकडे जंतू दडून बसतात ते अशाच जागी. माझ्या मते या लशींना भविष्य असेल तर ते औषधांच्या जोडीला: उपचाराचे महिने कमी करायला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत. त्या दिशेनेही उंदरांत प्रयोग झाले आहेत. अशी बातमी वाचाल तेव्हा आधी बघा, लस कोणाला दिली होती आणि सोबत औषधं चालू होती का.

तोवर तुमच्या गोळ्या चालू राहू द्या. अर्ध्यावर सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि तीच औषधं त्यांच्यावर चालेनाशी होऊ शकतात. सतत उलट्या होत असतील, डोळे पिवळे दिसत असतील किंवा नजर धूसर झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोणती गोळी थांबवायची आणि कोणती बदलायची, ते ठरवतील.