फवारा एकाचा, तोटा दुसऱ्याचा

पालमसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात एखादा शेतकरी तुती लावून रेशीम कीटकांच्या संगोपनाकडे वळतो, तेव्हा आपले उत्पन्न शेजारच्या कपाशीवरील फवाऱ्यावरही अवलंबून राहील, याची त्याला क्वचितच कल्पना असते.

रेशीम अळीची वाढ दोन संप्रेरकांच्या तोलावर चालते. एकडायसोन तिला कात टाकावयास लावते. बाल्यसंप्रेरक तिला अळीच ठेवते. पाचव्या अवस्थेत बाल्यसंप्रेरक ओसरले की अळी कोष विणावयास सिद्ध होते. १९५६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरोल विल्यम्स यांनी एका पतंगाच्या शरीरातून या संप्रेरकाचा अर्क काढला आणि त्यात नव्या कीटकनाशकाची शक्यता ओळखली. किडीला विष घालावयाचे नाही, तिची वाढच चुकवावयाची, ही ती कल्पना. कपाशीवरील पांढऱ्या माशीविरुद्ध वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन हे या संप्रेरकाची नक्कल करणारे कृत्रिम द्रव्य होय. जुन्या जहाल विषांच्या तुलनेत ते माणसाला कमी घातक आहे, हा त्याचा गुण नाकारण्याचे कारण नाही.

मात्र वाऱ्याने वाहून आलेला त्याचा अंश तुतीच्या पाल्यावर बसला, तर तो पाला खाणारी अळी लगेच मरत नाही. ती खातच राहते आणि कोष विणत नाही. अळीला लागणाऱ्या एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेतच खर्ची पडतो. म्हणजे अंडीपुंज, मजुरी व पाला यांवरील जवळजवळ सारा खर्च होऊन गेल्यावर नुकसान उघडकीस येते. औषधाच्या किमतीत हा तोटा धरलेला नसतो. खरेदी-विक्रीशी ज्याचा संबंध नाही, त्याने तो सोसावयाचा!

दोष केवळ द्रव्याचा नाही. याच वर्गातील द्रव्ये अत्यल्प मात्रेत व नेमक्या वेळी दिल्यास कोषाचे वजन वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. उणीव आहे ती व्यवस्थेत. ग्रामपंचायतीने तुतीच्या क्षेत्रांची नोंद ठेवावी, विक्रेत्याने औषध देताना शेजारी तुती आहे काय हे विचारावे आणि फवारणीची पूर्वसूचना देण्याचा दंडक पडावा. परभणीचे कृषी विद्यापीठ व रेशीम संचालनालय यांनी कापूस आणि रेशीम यांविषयीचा सल्ला एकत्रितपणे द्यावा. तुतीलागवडीस उत्तेजन द्यावयाचे आणि तिचे संरक्षण मात्र शेजाऱ्याच्या सौजन्यावर सोडावयाचे, हे धोरण फार काळ टिकणारे नाही.