घर-अंगण : तांब्याभर पाण्यातली फुले



मराठवाड्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "ताई, आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येते. दारात चार फुलझाडे असावीत असे फार वाटते. पण आत्याबाई म्हणतात, माणसाला पाणी नाही अन् तुला फुलाचं कवतिक कशाला? मी काय करू?"

आत्याबाईंचे चुकले असे मी म्हणणार नाही. का, ते सांगते.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही लातुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहात होतो. शहराचे नळ कोरडे पडले होते. पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. माझ्या दारात तेलाच्या डब्यात एक मोगरा होता. तो माझ्या आईने दिलेला. आई आदल्या वर्षीच गेली होती. मोगऱ्याची पाने गळू लागली तेव्हा मला राहवले नाही. एका दुपारी मी पिण्याच्या हंड्यातले तांब्याभर पाणी त्याला घातले. मागे वळून पाहते तो शेजारची सूनबाई रिकामी कळशी घेऊन उभी. तिचे लेकरू तापाने फणफणले होते. ती काही बोलली नाही. मी तिची कळशी अर्धी भरून दिली, पण तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मोगरा शेवटी मेलाच.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. पिण्याच्या पाण्याचा थेंबही फुलझाडाला द्यायचा नाही. झाडाला मिळेल ते एकदा वापरलेले पाणी, आणि तेवढ्यावर जगेल तेच झाड लावायचे.

अशी झाडे आहेत का? आहेत. त्याच उन्हाळ्यात मोगरा आणि गुलाब गेले, पण कोरफड सुकून तांबूस झाली तरी तग धरून राहिली. ऑफिस टाइमच्या दोन काड्या आणि मोरीच्या भिंतीच्या फटीत उगवलेली सदाफुली, एवढे वाचले. कोरफडीसारखी जाड पानांची झाडे पाणी पानांत साठवून ठेवतात. पानांवरची बारीक छिद्रे ती दिवसा उन्हात मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही.

सुरुवात ऑफिस टाइमपासून करा. काहीजणी याला चिनी गुलाब म्हणतात. आपण घोळीची भाजी खातो ना, तिचीच ही बहीण. ऊन चढले की फूल उमलते आणि दुपार ढळली की मिटते, म्हणून हे नाव. शेजारणीकडून बोटभर लांबीच्या चार काड्या मागून आणा. खालची पाने काढा आणि काड्या मातीत खोचा. पैसा लागत नाही. मात्र ऊन भरपूर हवे. सावलीत नुसती काडी वाढते, फूल येत नाही.

दुसरी सदाफुली. हिचे बी आपोआप पडून रोपे होतात. वंदनेसाठी रोज दोन फुले हवीत तर हीच उपयोगी. ऑफिस टाइमचे फूल तोडले की लगेच मिटते, सदाफुलीचे टिकते. पौर्णिमेला फुलांचे भाव चढतात, तेव्हा घरची चार फुले बरी पडतात.

तिसरी कोरफड. तिच्या बुडाशी पिल्ले येतात, ती काढून वेगळी लावावीत. चौथी पानफुटी. तिचे एक पान ओल्या मातीवर ठेवले तरी कडेने इवली रोपे फुटतात. मुलांना हे दाखवा, फार आनंद होतो.

आता माती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. नुसत्या काळ्या मातीत ही झाडे मुळाशी कुजतात. एक घमेले माती, एक घमेले जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक घमेले जुने कुजलेले शेणखत असे मिसळा. तेलाचा डबा, रंगाची बादली, फुटका माठ, काहीही चालेल. तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा आणि त्यांवर खापराचे तुकडे ठेवा. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

पाणी कोणते? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले. साबणाचे आणि मिठाचे नको. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. जाड पानांची झाडे कोरडेपणाने क्वचित मरतात, जास्त पाण्याने हमखास मरतात. पाणी सकाळी लवकर घालावे. सदाफुलीच्या बुडाशी शेंगांची टरफले किंवा पालापाचोळा पसरला तर ओल जास्त दिवस राहते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा.

तीन गोष्टी मात्र विसरू नका. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे बनतात हे खरे, पण ती कारखान्यात शुद्ध करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. साखर उतरते म्हणून कितीतरी जण तिची पाने चावून खातात. तसे करू नका, ती पाने विषारी आहेत. दुसरे, घरात रांगते मूल असेल तर कण्हेर आणि शेर दारात नकोत. कण्हेर पोटात गेली तर जिवावर बेतते, आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. तिसरे, कुंड्यांखाली ताटल्या ठेवू नका. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाण्याचे पिंप घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून घ्या.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढेच सांगेन की आत्याबाईंशी वाद घालू नका. तांदूळ धुतलेले पाणी त्यांच्या हाती द्या आणि म्हणा, "आत्याबाई, हे मोरीत जाणारच आहे, त्या डब्यात टाका." पहिले फूल आले की काय बोलतात ते मला कळवा.

आणि हो, ती शेजारची सूनबाई. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. जुलैमध्ये मी तिला ऑफिस टाइमच्या चार काड्या नेऊन दिल्या. तिने डालड्याच्या डब्यात लावल्या. पुढे आमची खोली बदलली तेव्हा माझी कुंडी वाटेत फुटली, झाड गेले. तेव्हा तिच्याच डब्यातल्या काड्या आणून मी पुन्हा लावल्या. आज दारात फुलतात त्या त्याच.