कच्चे मडके, पक्का खांब

दिवाळी अंक हाती आला की निम्मे वाचक आधी वार्षिक राशिभविष्याचे पान उघडतात, आणि उरलेले निम्मे कोणी पाहत नाही असे बघून तेच उघडतात. वर्षभराचे भविष्य सांगण्याचे धाडस मला नाही. पण संपादकांनी या सदरासाठी पाने राखून ठेवली आहेत, तेव्हा मीही एक भविष्य सांगतो. ते फक्त छत्तीस मिनिटांचे आहे. कार्तिक द्वादशीला परभणीच्या मैदानावर मुलींच्या एका खो-खो सामन्याला तेवढा वेळ लागणार आहे.

एका बाजूला हिंगोलीच्या एका महाविद्यालयाचा संघ. त्यातल्या बहुतेक मुली नरसी नामदेव आणि आसपासच्या खेड्यांतल्या. दुसऱ्या बाजूला धाराशिवकडचा एक कसलेला संघ. मोसमातला पहिलाच सामना, आणि चिठ्ठी निघाली ती नेमकी या संघाची. चिठ्ठी उचलणाऱ्या सरांना मुली अजून बोलून घेतात. “सर, तुमच्या हातालाच नजर लागलीया,” असे एकीने माझ्यासमोर त्यांना ऐकवले. सर हसले, पण ते फार मनापासूनचे नव्हते.

नरसी हिंगोलीपासून फार लांब नाही. गावाला लागून कयाधू वाहते. संत नामदेवांचे हे जन्मगाव. १२७० साली कार्तिक शुद्ध एकादशीला ते जन्मले असे मानतात. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातूनही भाविक इथे येतात. दिवाळीच्या सुटीत महाविद्यालय बंद, म्हणून सरांनी सरावच गावात आणला. काळ्या मातीवर चार पाट्या मुरूम टाकला, दोन्ही टोकांना लिंबाचे खांब पुरले, चुन्याची फक्की मारली, झाले मैदान. समोरचा संघ वर्षभर मॅटवर खेळतो. इथे मुरमावर सूर मारला की गुडघ्याचे सालपट निघते. एका मुलीच्या आईने मला सांगितले, “आमच्या घरी हळद सैपाकाला कमी अन् हिच्या गुडघ्यालाच जास्त लागती.” हळदीच्या मुलखात हे परवडते, एवढेच.

शाळा सोडून ज्यांना बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगतो. आठ जणी एका ओळीत पाटीवर बसतात, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे. नववी पाठलाग करते. तिने एकदा दिशा धरली की मागे फिरायचे नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जायचे नाही. वळायचे असेल तर खांब ओलांडून वळा, नाहीतर बसलेलीला खो देऊन तिची जागा घ्या. पळणारीला मात्र सारे रान मोकळे. ती इकडून तिकडे, दोघींच्या मधून, हवी तशी जाते. अशा पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. नऊच्या नऊ बाद झाल्या तर पुन्हा पहिल्या तुकडीवर पाळी. पाळी नऊ मिनिटांची, एका डावात प्रत्येक संघाची एक पाळी पाठलागाची आणि एक पळण्याची, आणि असे दोन डाव. म्हणजे छत्तीस मिनिटे.

आता हिशेब करा. नऊ मिनिटे म्हणजे ५४० सेकंद. नऊ जणींनी सारखे वाटून घेतले तर एकीच्या वाट्याला साठ सेकंद. घरात बसून साठ सेकंद फार थोडे वाटतात. तुमच्यामागे हात लांब करून कोणी धावत आहे आणि दर तीन-चार पावलांवर तिच्याऐवजी नवी, ताज्या दमाची मुलगी उठते आहे, अशा स्थितीत ते मोजून पाहा. मी गेल्या आठवड्यात सरांच्या घड्याळावर मोजले. चाळिसाव्या सेकंदाला पळणारीचे तोंड उघडते, पन्नासाव्याला हूल द्यायची राहून जाते, आणि साठाव्याच्या आत एखादा हात पाठीला लागतो.

या संघात एकच मुलगी अशी आहे की जिला हा नियम लागू नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अंगाने किडकिडीत. ती अडीच मिनिटे पळते. चुकून नव्हे, रोज. तिचे पळणे वेगाचे नाही. ती थांबते. पाठलाग करणारी दोन हातांवर आली की ती खांद्याने डावीकडे जाते आणि पायांनी उजवीकडे. साखळीने पळता पळता बसलेल्या मुलीच्या मानेकडे बघते. उठायच्या आधी बसलेलीची मान हलते, हे तिने स्वतःच शोधून काढले आहे. सर म्हणाले, “मी शिकवलेलं यात काही नाही. मी फक्त घड्याळ धरतो.”

समोरचा संघ मी गेल्या साली पाहिला आहे. त्यांचा खो ऐकू येण्याआधीच बसलेली अर्धी उठलेली असते, आणि तरीही पंचांना फाऊल देता येत नाही, इतके ते जुळून आलेले आहे. खांबावर सूर मारणाऱ्या त्यांच्याकडे तिघी, आपल्याकडे एक. धाराशिवच्या मातीत हा खेळ मुरलेला आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करणाऱ्या आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे तिकडच्याच. ज्या मुलींनी असे माणूस आपल्या गावच्या मैदानावर पाहिले आहे त्यांना स्वप्न पडावे लागत नाही, पत्ता ठाऊक असतो.

त्यांचे एक वैगुण्य मात्र मला दिसले, आणि ते मी सरांच्या कानावर घातले आहे. त्यांची शेवटची तुकडी खांबाजवळच गोल गोल पळते. मध्ये येऊन साखळी धरण्याचे तिला भय वाटते. खांबावरची आपली मुलगी ताजी ठेवली आणि त्या वेळेला सोडली तर दोन गुण पटकन पडतील. पण त्यांच्या शेवटच्या तुकडीपर्यंत पोचायचे म्हणजे आधीच्या सहा जणींना बाद करावे लागते. किल्ल्याच्या मागच्या दाराची कडी सैल आहे हे खरे, पण तिथवर जायला किल्ला ओलांडावा लागतो.

हा खेळ तसा आपल्या घरचा. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांत बसवले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली, आणि महिलांची त्याच्या पुढच्या साली कोल्हापूरला. त्यानंतर पुष्कळ वर्षे तो शाळेच्या मैदानातच राहिला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. जलद खेळाचे तिथले नियम वेगळे, गुणांची मोजणीही वेगळी. पण प्रियांका इंगळेच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले आणि प्रतीक वाईकरच्या मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ असे. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा लॅक्रॉस नावाचा एक खेळ आहे, जाळीच्या काठीने चेंडू झेलण्याचा. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये तो पदकासाठी खेळला गेला, मग बाहेर पडला, आणि आता २०२८ साली लॉस एंजेलिसला सहा-सहा जणांच्या संघांनी परत येणार आहे. म्हणजे मातीतल्या खेळाला शंभरावर वर्षांनीही खो मिळू शकतो. आपण पाटीवर तयारीत बसलेले असलो म्हणजे झाले.

इथवर सारे खेळाचे. आता खरी गोष्ट सांगतो, कारण द्वादशीचा निकाल परभणीच्या मैदानावर लागण्याआधी नरसीजवळच्या एका घरात लागणार आहे.

त्या अडीच मिनिटांच्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती पावसाळ्यातच घराच्या पत्र्यांत आणि दवाखान्यात गेली. भाऊबीज झाली की टोळी निघणार. मुलगी कोयत्यात नाही, पण गेल्या साली तिलाही जावे लागले. आईबाप पहाटे फडात गेले की पाचटाच्या कोपीत स्वयंपाक कोणी करायचा आणि चार वर्षांच्या भावाला कोणी बघायचे? त्या साली संघ पहिल्याच सामन्यात हरला. त्या दिवशी ती कुठल्या जिल्ह्यात होती हे तिलाही नीट सांगता आले नाही. “लई लांब व्हतं सर. कारखान्याची चिमणी दिसायची,” एवढेच ती म्हणाली.

भाऊबीज ते द्वादशी, दहा दिवस. सारा प्रश्न दहा दिवसांचा आहे.

सर आधी मुकादमाकडे गेले. मीही बरोबर होतो. मुकादम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मिशा येतात. हा साधा माणूस निघाला, त्याच्याही डोक्यावर कोणाची तरी रक्कम होती. तो म्हणाला, “मला कोयता पुरा पाहिजे गुरुजी. पोरीचं माझ्याकडं काय बी नाही. तिच्या मायला इचारा.”

मग आम्ही आईकडे गेलो. घरात सोयाबीनचे पोते टेकून आजी बसली होती. आजीला आता फारसे दिसत नाही. आईने चहा ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून बोलली. तिला आमच्याशी डोळ्याला डोळा देऊन नाही म्हणायचे नव्हते.

“ऱ्हाऊ द्या म्हणता. पोरगी ऱ्हाईल आज्जीपाशी. पर ल्हानग्याला कोण बघंल? मी फडात नेलं तर मोळीखाली ईल. हितं ठिवलं तर ही मैदानावर अन् म्हातारीला दिसंना.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खेळाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, या विषयांवर मी या सदरात अनेकदा लिहिले आहे. त्या चुलीपुढे त्यातले एकही वाक्य मला उच्चारता आले नाही. सरांनी चहा घेतला, मी घेतला, आणि आम्ही उठलो.

उत्तर दुसऱ्या दिवशी संघानेच आणले. बारा जणींचा संघ, एक ती, उरल्या अकरा. दहा दिवस, एकेकीच्या वाट्याला एकेक दिवस. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी ल्हानगा तिच्या घरी जेवणार, तिच्या घरी झोपणार. संध्याकाळी सरावाला सगळ्याच येतात, तेव्हा तो मैदानावर खांबाजवळ बसणार. अकरावी राखीव. वहीच्या पानावर तक्ता करून त्या आईकडे गेल्या. आईने तक्ता हातात धरला. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ धरला. मग म्हणाली, “बघू.”

वाचकहो, आपल्या खेड्यातल्या या ‘बघू’चा अर्थ सांगणारा कोश अजून निघालेला नाही. त्यात नकार मावतो आणि होकारही मावतो. मी निघेपर्यंत तो ‘बघू’ तसाच होता.

नामदेवांची एक कथा साऱ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेव रुसले, पण मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि भाजून पक्के झाले. औंढा इथून जवळच. हा संघही कच्चे मडके आहे, हे त्याला समोरचा संघ द्वादशीला थापटून सांगेलच. मला त्याचे दुःख नाही. मडके कच्चे आहे हे कळल्याशिवाय आव्याकडे कोणी जात नाही. पण जिचे मडके भाजून तयार आहे ती कुठे तरी चिमणीच्या सावलीत भाकरी थापत असावी, हे मात्र मला सोसणार नाही.

आता भविष्य. ती खेळली, तर पहिली तुकडी साडेचार मिनिटे टिकेल, दुसरी तीन, आणि राहिलेल्या दीड मिनिटात तिसरीतल्या दोघी बाद होतील. म्हणजे आठ गुण गेले. आपल्याला पाठलागात सहा मिळतील. असे दोन डाव धरले तर चार गुणांनी हार. ती नसली, तर तीच पहिली तुकडी अडीच मिनिटांत परत येईल, नऊ जणी संपून पुन्हा पहिल्यांवर पाळी येईल, आणि नऊ-दहा गुणांनी हार. दोन्ही प्रकारे हारच, हे सरांना मी सांगितले. सर म्हणाले, “चार गुणांनी हरणारा संघ पुढच्या साली जिंकतो. दहानं हरणारा पुढच्या साली उतरत नाही.” मी हा फरक माझ्या वहीत लिहून घेतला आहे.

निघताना मैदानावरून आलो. संध्याकाळ होती, सराव चालू होता. ल्हानगा खांबाला टेकून बसला होता. तक्ता मंजूर नव्हता, पण पहिल्या पाळीच्या मुलीने त्याला रंगीत तालीम म्हणून आणले होते. त्याला खेळ कळत नाही, एक शब्द तेवढा कळतो. भलत्याच वेळी तो मोठ्याने “खो!” म्हणून ओरडला, आणि बसलेल्या आठांपैकी तिघी उठून धावल्या. सर रागावले, मुली हसून खाली बसल्या. पळणारी तेवढी हसली नाही. ती उभी राहून दम घेत होती आणि रस्त्याकडे बघत होती. तिकडे टोळीच्या ट्रकवर ताडपत्री बांधण्याचे काम चालले होते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज होऊन गेली असेल किंवा तोंडावर असेल. सामन्याचा निकाल साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात याच सदरात देईन. किती गुणांनी हरलो ते लिहीन, आणि पहिल्या तुकडीत कोण उतरले होते तेही.