बसच्या रांगेतला हिरो

हिरो म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? दहाजणांना एकटा लोळवणारा, नाही तर डोंगरावर गाणी म्हणणारा! १९७३ मध्ये ‘जंजीर’ आला, १९७५ मध्ये ‘दीवार’ आणि ‘शोले’. सगळीकडे संताप नुसता धुमसत होता. नेमक्या त्याच दिवसांत, १९७४ च्या ‘रजनीगंधा’त एक साधा कारकुनी माणूस पडद्यावर आला. भेटीला उशिरा येणारा, सिनेमाची तिकिटं विसरणारा, ऑफिसातल्या प्रमोशनच्याच गप्पा मारणारा. अमोल पालेकर! जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेला, बँकेत नोकरी केलेला, प्रायोगिक नाटकांतून आलेला.

माझ्या पिढीनं हे सिनेमे थिएटरात कुठले पाहिले! शेजारच्यांच्या टीव्हीपुढे सतरंजीवर बसून, दूरदर्शनवर पाहिले. आमच्या आयांना तर तो हिरो म्हणून नाही, जावई म्हणूनच आवडायचा.

पण मैत्रिणींनो, मला त्याचं मोठेपण साधेपणात नाही वाटत. हिरो लहान झाला आणि शेजारी बाईला उभं राहायला जागा मिळाली, हे खरं. ‘रजनीगंधा’ची गोष्ट मन्नू भंडारींच्या कथेवरची. तिथं सगळा प्रश्न दीपाचा आहे. तिला दोघांतला एक निवडायचाय, संजय की जुना मित्र नवीन. तिचं मन डळमळतं आणि म्हणून कुणी तिला वाईट ठरवत नाही! ‘छोटी सी बात’मधली प्रभा रोज बसनं ऑफिसला जाते. ‘घरौंदा’तली छायाही नोकरीच करते. मारामारीवाल्या हिरोच्या सिनेमात बाईला वाचवून घेण्यापलीकडे काम तरी काय असायचं?

आता एक खटकतंही. ‘छोटी सी बात’मधला अरुण रोज प्रभाच्या मागे मागे जातो. बिचारा, लाजाळू म्हणून आपण हसतो, पण आज माझ्या लेकीच्या मागे कुणी असा फिरला तर मी हसणार नाही. असो.

आणि हाच पालेकर १९७७ च्या ‘भूमिका’त कसा दिसतो ते आठवा. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला श्याम बेनेगल यांचा तो सिनेमा. बायकोच्या कमाईवर जगायचं आणि वर तिच्यावरच संशय घ्यायचा, असा तो केशव. त्याच वर्षीच्या ‘घरौंदा’त तर घराच्या हव्यासापायी तो आपल्या प्रेयसीला आजारी, श्रीमंत साहेबाशी लग्न करायला सुचवतो. चेहरा तोच, गरीब गाईसारखा! लोकांनी ज्याला आदर्श मुलगा मानलं, त्यानंच ‘मऊ बोलणारा माणूस म्हणजे चांगला नवरा’ ही समजूतही मोडली. दिग्दर्शक म्हणून पुढे २००१ मध्ये त्यानं र. धों. कर्वे यांच्यावर ‘ध्यासपर्व’ केला. संततिनियमनाचं काम करताना आम्हाला आजही जिथं अडखळायला होतं, तिथं त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी तोंड उघडलं होतं.

हे सगळं आज का आठवावं? समुपदेशनाला येणाऱ्या मुली सांगतात, ‘ताई, तो चिडतो, हात उगारतो, पण प्रेम आहे हो त्याचं माझ्यावर.’ कुठून येतं हे? घरातून येतं, शेजारपाजारातून येतं आणि सिनेमातूनही येतं. २०१९ च्या ‘कबीर सिंग’मध्ये हिरो प्रेयसीला थोबाडीत देतो, आणि तरी शेवटी ती त्याचीच होते. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. मुलांनी वाजवल्या त्याचं मला फारसं नवल नाही. मुलींनीही वाजवल्या, ते मात्र जिव्हारी लागलं.

म्हणून यंदा महिला मंडळात हळदीकुंकवाला वाणाबरोबर ‘रजनीगंधा’ दाखवला. कॉलेजच्या मुली सुरुवातीला मोबाइल काढून बसल्या होत्या. ‘किती हळू चाललाय!’ एक म्हणाली. मग मात्र भांडण जुंपलं. संजय की नवीन? एक म्हणे, ‘नवीनच बरा, वेळेवर तरी येतो.’ दुसरी म्हणे, ‘अगं, पण संजयपुढे ती मनमोकळी हसते, ते नाही का बघितलंस?’ आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या काकू संजयच्या बाजूनं इतक्या तावातावानं बोलल्या की चहा निवला. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. भांडी गोळा करता करता तिनं विचारलं, ‘ते सगळं ठीक आहे हो काकू, पण तिच्या मुंबईच्या नोकरीचं काय?’

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचं आधण पुन्हा ठेवलं.