व्हिजिटिंग कार्डच्या मागची बाजू

खरं सांगू? गेल्या महिन्यात मी एक लाख ऐंशी हजार रुपये भरायच्या अगदी बेतात होते. डेटा सायन्सचा वीकेंड कोर्स. ईएमआयची सोय, ब्रोशरवर हसरी पोरं आणि ‘मॅडम, सीट्स भरत आल्यात’ म्हणून दिवसाआड फोन करणारी काउन्सेलर. इकडे मी मालाडच्या ऑफिसात सहा वर्षं एमआयएस रिपोर्ट काढतेय. म्हणजे सकाळी एक्सेल, दुपारी एक्सेल आणि संध्याकाळी तेच एक्सेल, फक्त बॉसला हव्या त्या रंगात. ‘डेटा सायंटिस्ट’ असं व्हिजिटिंग कार्ड मी मनातल्या मनात छापूनही टाकलं होतं!

फॉर्म भरत होते, तेवढ्यात बाबांनी विचारलं, “पण हे लोक दिवसभर करतात काय गं?”

“डेटा ॲनालाइज करतात.”

“ते तर तू आत्ताही करतेस ना?”

माझी बोलतीच बंद. बाबांच्या पिढीने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नावं घातली, दर आठवड्याला ‘रोजगार समाचार’ आणला. 1976 पासूनचं हे साप्ताहिक आजही निघतं. त्यात पद, पात्रता, पगार, शेवटची तारीख सगळं मिळायचं. प्रत्यक्ष काम काय, ते मात्र बरेचदा रुजू झाल्यावरच कळायचं. मला ते आधी कळायची सोय आहे, आणि मी काय वाचलं होतं? एक ब्रोशर! मोबाइल घेताना आपण दहा रिव्ह्यू वाचतो की नाही?

मग बसले एका रविवारी. सुरुवात आपल्याच सरकारपासून. केंद्रीय श्रम मंत्रालयाचं ‘नॅशनल क्लासिफिकेशन ऑफ ऑक्युपेशन्स 2015’ नावाचं जाडजूड बाड नेटवर फुकट मिळतं. देशातले साडेतीन हजारांच्या आसपास व्यवसाय, प्रत्येकाला आठ आकडी कोड आणि तो माणूस काय काय करतो त्याचं वर्णन. उत्साहाने स्वतःला शोधलं. सर्वांत जवळचा गट निघाला 4312: सांख्यिकी, वित्त आणि विमा लिपिक. सहा वर्षांची सीनिअर एक्झिक्युटिव्ह एका क्लिकमध्ये लिपिक! दहा मिनिटं राग आला. मग वर्णन वाचलं आणि गप्प बसले. ते माझंच होतं.

मग अमेरिकेच्या श्रम खात्याचं ‘ओ-नेट’ उघडलं. ते एकेका व्यवसायाची कामं वाक्यावाक्याने मांडतं, लागणारी कौशल्यं आणि सॉफ्टवेअरही सांगतं. डेटा सायंटिस्टच्या कामांत कच्चा डेटा स्वच्छ करणं हे चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे झाडू सुटत नाही, मंडळी! पण त्याच यादीत मॉडेल बांधणं आणि ते तपासणंही होतं, आणि त्यासाठी लागणारं स्टॅटिस्टिक्स. ते मी कॉलेजात कसंबसं काढलं होतं. तिथेच साठ प्रश्नांची एक फुकट चाचणी आहे, आपल्याला कसल्या प्रकारचं काम आवडतं ते सांगणारी. जरूर सोडवा, पण ती पत्रिका समजू नका.

तिसरं, ‘ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुक’. हेही अमेरिकन, 1949 पासूनचं. त्यातला ‘मिळतेजुळते व्यवसाय’ हा भाग मला सगळ्यात आवडला. एका दारावर धडका मारताना शेजारची दारं दिसतच नाहीत, ती इथे दिसतात. मात्र पगाराचे आणि मागणीचे आकडे तिथले, ते आपल्याला लावू नका. काम सगळीकडे साधारण सारखं असतं, पगार नसतो. इथल्या नोकऱ्यांसाठी 2015 मध्ये सुरू झालेलं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ पोर्टल पाहा. आणि कोर्सवाले ‘सरकारमान्य’ म्हणाले, तर ‘नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर’मध्ये त्या कोर्सचं नाव स्वतः शोधा.

एवढं वाचल्यावर मगच माणसाला गाठलं. मैत्रिणीचा भाऊ, अंधेरीत हेच काम करतो. ‘स्कोप कसा आहे?’ असं विचारलं असतं, तर त्याने ‘मस्त आहे’ म्हणून चहा पाजला असता. मी विचारलं, “काल दुपारी तीन वाजता तू नेमकं काय करत होतास?”

तो हसला. “दोन सिस्टिम्समधल्या तारखा जुळवत होतो. एकीकडे दिवस आधी, दुसरीकडे महिना आधी.”

गंमत म्हणजे मला ते ऐकून कंटाळा आला नाही. उलट हात शिवशिवले. अवघड होतं ते पुढचं, स्टॅटिस्टिक्स. म्हणून सध्या रोज रात्री तासभर, फुकटात मिळतं तेवढं स्टॅटिस्टिक्स शिकतेय. तीन महिने टिकले, तर पैशांचा विचार. नाही टिकले, तर एक लाख ऐंशी हजार वाचले आणि शेजारची दारं आहेतच.

परवा काउन्सेलरचा पुन्हा फोन आला. मी विचारलं, “तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेली मुलं सोमवारी सकाळी ऑफिसात नेमकं काय करतात हो?”

“मॅडम, सरांशी बोलून सांगते,” ती म्हणाली.

अजून फोन आलेला नाही.