रेशीम कीटकांसाठी टॉनिक: बाटली घेण्याआधी हिशेब मांडा

बीड, जालना, धाराशिव, परभणी, लातूर या जिल्ह्यांत तुतीची लागवड गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. मनरेगातून मिळणारे अनुदान, दर महिन्या-दीड महिन्याला हाती येणारे पैसे आणि जालना, बीड येथे सुरू झालेली कोष खरेदी ही त्यामागची कारणे. उद्योग वाढला तसा त्याभोवतीचा निविष्ठांचा बाजारही वाढला. अंडीपुंज, चुना आणि निर्जंतुक पावडरसोबत आता प्रोटीन पावडर, व्हिटॅमिन, अमिनो आम्ल, स्पिरुलिना, प्रोबायोटिक अशा नावांनी टॉनिक विकले जाते. ‘पाल्यावर फवारा, कोषाचे वजन वाढेल’ हा त्याचा दावा. तो कितपत खरा आहे आणि कोणाच्या उपयोगाचा आहे, हे तपासणे गरजेचे आहे.

दाव्याला आधार आहे, पण मर्यादित

तुती रेशीम कीटक फक्त तुतीचा पाला खातो. प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणीसुद्धा त्याला पाल्यातूनच मिळते. क जीवनसत्त्व त्याला आहारातून लागतेच. रेशीम हे मुळात प्रथिन आहे आणि त्यासाठी लागणारी प्रथिने मुख्यतः पाल्यातून येतात. त्यामुळे पाला निकृष्ट असेल, तर बाहेरून पूरक पोषण दिल्याने फरक पडू शकतो. जीवनसत्त्वे, सोया प्रथिने, स्पिरुलिना यांवरील प्रयोगांत कीटकाचे व कोषाचे वजन वाढल्याचे दिसले आहे. मात्र योग्य मात्रेपेक्षा जास्त दिल्यास वाढ खुंटते, हेही अशा प्रयोगांत आढळले आहे. प्रयोगशाळेत तापमान, आर्द्रता आणि कीटकांची संख्या नियंत्रित असते. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये तोच परिणाम मिळेल, असे धरून चालता येत नाही.

टॉनिक कशावर उपाय नाही

- ग्रासेरी हा विषाणूजन्य, तर पेब्रिन हा अंडीपुंजातूनही येणारा सूक्ष्म परजीवीचा रोग आहे. प्रतिजैविके किंवा व्हिटॅमिन देऊन ते बरे होत नाहीत.
- शेजारच्या कापूस, सोयाबीनवरील कीटकनाशकाचा अंश तुतीवर आला असेल, तर टॉनिक त्यावर उतारा नाही.
- दाटी, कोंदट हवा आणि शिळा पाला यांनी होणारे नुकसान बाटलीने भरून निघत नाही.

केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हैसूर यांचे ‘संपूर्ण’ अनेकांना टॉनिक वाटते. ते आहारपूरक नाही. कीटक एकाच वेळी पिकावेत यासाठीचे ते वनस्पतिजन्य संप्रेरक आहे. मोजके कीटक पिकू लागल्यावरच ते वापरायचे असते. घाईने आधी दिले, तर कीटक पोटभर न खाताच कोष करू लागतात आणि कोष हलके पडतात.

हिशेब असा मांडा

समजा 100 अंडीपुंजांपासून 65 किलो कोष मिळतात, दर किलोला 500 रुपये आहे आणि टॉनिकवर 600 रुपये खर्च झाला. हा खर्च भरून निघायला 1.2 किलो जादा कोष पुरेत, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणूनच टॉनिक स्वस्त वाटते. पण एका बॅचपासून दुसऱ्या बॅचपर्यंत हवामानामुळेच यापेक्षा जास्त फरक पडतो. बॅच चांगली गेली की श्रेय टॉनिकला आणि बिघडली की दोष हवेला, असे होते. उलट निर्जंतुकीकरणात कसूर राहून रोग शिरला, तर त्याच बॅचमध्ये 20-30 किलोचा फटका बसू शकतो. पैसे आणि मजुरी आधी कुठे लावायची, हे यावरून ठरते.

पहिला खर्च तुतीवर

बागायती व्ही-1 तुतीसाठी एकरी वर्षाला 8 टन शेणखत आणि 140:56:56 किलो नत्र, स्फुरद, पालाश पाच हप्त्यांत देण्याची शिफारस आहे. सूक्ष्मद्रव्ये कमी असतील, तर ‘पोषण’सारखी फवारणी उभ्या तुतीवर करता येते. कीटक एकूण पाल्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेत खातो. त्या दिवसांत योग्य वयाचा, सकाळी किंवा संध्याकाळी तोडलेला ताजा पाला मिळाला पाहिजे. तापमान 24-25 अंश आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास ठेवावी. हे जमत नसेल, तर टॉनिकचा विचार पुढे ढकलावा.

वापरायचेच असेल तर चाचणी घ्या

1. चौथी कात टाकून उठल्यावर एकाच बॅचचे, एकाच रॅकवरचे सहा कप्पे करा. प्रत्येकात 300 कीटक मोजून ठेवा.
2. तीन कप्प्यांना टॉनिक फवारलेला, तर तीन कप्प्यांना साधे पाणी फवारलेला पाला द्या. दोन्ही पाला सावलीत सुकवूनच घाला. ओल्या पाल्याने बेडमधील ओल वाढून रोग बळावतो.
3. मेलेले कीटक रोज मोजा. कोष काढल्यावर प्रत्येक कप्प्यातील 25 कोष न निवडता उचलून वजन करा.
4. ते कोष कापून, आतील प्यूपा काढून कवचाचे वजन घ्या. कवचाचे वजन भागिले कोषाचे वजन गुणिले 100 ही कवचाची टक्केवारी. दर गुणवत्तेवर ठरतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची.
5. सलग तीन बॅचमध्ये फरक दिसला आणि तो खर्च-मजुरीपेक्षा जास्त भरला, तरच संपूर्ण बॅचला वापरा.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

खतांना 1985 चा खत नियंत्रण आदेश, कीटकनाशकांना 1968 चा कायदा आणि अंडीपुंजांना केंद्रीय रेशीम मंडळ कायद्यातील 2006 ची दुरुस्ती लागू आहे. कीटकाला खाऊ घालायचे टॉनिक हे खतही नाही, कीटकनाशकही नाही. त्यामुळे विक्रेत्याकडे घटक, मात्रा, मुदत आणि चाचणीचे निष्कर्ष लेखी मागावेत. ज्या बाटलीवर घटकच लिहिलेले नाहीत, तिची शिफारस करू नये. गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी वरील चाचणी एकाच वेळी घेऊन नोंदी एकत्र केल्या, तर त्या गावापुरते उत्तर दोन-तीन बॅचमध्ये मिळू शकते.